सुतक कळल्यावर लागतं

सुतक माणूस गेल्यावर लागत नाही, कळल्यावर लागतं. हा नियम मी लहानपणापासून ऐकत आले होते. लांबच्या गावी कुणी गेलं आणि पत्र पंधरा दिवसांनी पोचलं, तर पत्र वाचलं की आंघोळ करायची आणि तिथून पुढे सुतक मोजायचं. आदल्या दिवशी तुम्ही सत्यनारायण घातला असेल, तर तो देवाला पोचला, त्याला काही बाध नाही. मला यात कधी वावगं वाटलं नव्हतं, उलट सोयीचाच नियम वाटायचा. मग तो एकदा माझ्यावर वापरला गेला. तेव्हापासून कुणी ‘पवित्र’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणणाऱ्याचा दोष नसतो, पण फिरतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला नुकतंच घर घेतलं होतं. नवरा औषधांच्या कंपनीत इंजिनिअर, मी एका दवाखान्यात अर्धवेळ लॅबचं काम करायचे, आणि मुलगी आठ वर्षांची. ती आमच्याशी मराठीत सुरू करायची आणि वाक्य इंग्रजीत संपवायची. त्या उन्हाळ्यात सासूबाई अकोल्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. येताना हँडबॅगेत, मांडीवर धरून, त्यांनी महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे आणले होते. विमानतळावरच्या माणसानं बॅग उघडली तेव्हा त्यांनी मुखवट्यांवर पदर टाकला आणि त्याला मराठीत म्हणाल्या, “बाबा, लांबून बघ.” तो मुकाट्यानं लांबून बघता झाला.

त्या वर्षी महालक्ष्म्या नेमक्या लेबर डेच्या लाँग वीकेंडला जोडून आल्या. शनिवारी यायच्या, रविवारी जेवायच्या, सोमवारी जायच्या. सासूबाईंना हा देवीचाच संकेत वाटला. माझं माहेर नाशिकचं. आमच्याकडे नदीवरून पाच खडे आणायचे, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा, झालं. सासरी मात्र उभ्या देवी, दोघींना शालू, सोळा भाज्या, आंबील, पुरण, आणि वर टांगायचा फुलोरा. सगळं सोवळ्यात. ओक ट्री रोडवर तेव्हा आपली दुकानं मोजकीच होती. पडवळ मिळालं, अंबाडी मिळाली नाही. फुलोऱ्याच्या करंज्या आणि पापड्या टांगायला छताला खिळा ठोकायची सोय नव्हती, म्हणून नवऱ्यानं बाथरूमच्या पडद्याचा दांडा काढून दोन कपाटांच्या मध्ये आडवा बसवला. सासूबाईंनी तो तीनदा धुऊन घेतला.

खरी पंचाईत देवींच्या धडांची होती. अकोल्याला त्यासाठी लोखंडी कोठ्या होत्या, त्या काही विमानातून आल्या नाहीत. नवरा हार्डवेअरच्या दुकानातून प्लॅस्टिकचे दोन उंच, गोल डबे घेऊन आला. डबे कचऱ्याचे होते. कोरे करकरीत, पण कचऱ्याचे. मी गॅरेजमध्येच त्याला गाठलं. “अहो, काय हे?”

“उंची बरोब्बर आहे,” तो म्हणाला. “आईला सांगितलंय, धान्याचे आहेत म्हणून. तिला कळलं नाही तर काय बिघडतंय?”

मी हसून हसून बेजार झाले. त्या डब्यांत आम्ही तांदूळ भरले, त्यांना शालू नेसवले, वर मुखवटे बसवले. खरं सांगते, इतक्या देखण्या दिसत होत्या दोघी की माझेही हात आपोआप जोडले गेले.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्यामुळे आहे. माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. देवळात जायचे नाहीत. आईबरोबर गेलेच तर बाहेर चपला सांभाळत उभे राहायचे. स्वतःला नास्तिक वगैरे म्हणवून घ्यायचे नाहीत, तेवढी त्यांना फुरसत नव्हती. पण उभ्या जन्मात माझ्याशी ते एक शब्द खोटं बोलले नाहीत. इंजेक्शन दुखेल का विचारलं तर म्हणायचे, दुखेल. एकदा गणपतीत एक कंत्राटदार पेढ्यांचा भला मोठा खोका घेऊन घरी आला. म्हणाला, “प्रसाद आहे साहेब, प्रसादाला नाही म्हणू नये.” बाबांनी खोका उघडला, एक पेढा घेतला, तोंडात टाकला आणि खोका परत त्याच्या हातात दिला. “प्रसाद एवढाच असतो,” म्हणाले. “बाकीची मिठाई आहे.” आमच्या घरात हा किस्सा इतक्या वेळा सांगितला गेला की पेढा म्हटलं की आम्ही भावंडं हसायचो.

त्या वर्षी मार्चमध्ये बाबांना हार्टचा झटका येऊन गेला होता. ते बरे झाले, पण मी इथे धसकले. तेव्हा नाशिकहून कॉल बुक करायला लागायचा, बिलाच्या धाकानं घड्याळाकडे बघत बोलायचं. त्यामुळे फोन म्हणजे काहीतरी झालंय, हेच डोक्यात बसलेलं. बाबा स्वतः देवापुढे हात जोडणारे नव्हते, म्हणून त्यांच्या वतीनं मी जोडायचे. सासूबाई म्हणाल्या होत्या, “महालक्ष्मी नवसाला पावते.” महालक्ष्म्या बसवायला मी इतक्या उत्साहानं तयार झाले ती यासाठीच. मला एकच मागायचं होतं.

शनिवारी सकाळी मी उरलेल्या भाज्या आणायला गेले. नवरा मित्राकडून घडीच्या खुर्च्या आणायला गेला होता. घरात सासूबाई आणि मुलगी दोघीच. तासाभरानं मी पिशव्या घेऊन दारात आले, तर सासूबाई स्वतः पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या. “दमलीस गं. बस. चहा टाकते.”

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण सासूबाईंनी मला कधी चहा करून दिला नव्हता. मी बसले. त्यांनी आलं किसून घालून चहा केला, वर विचारलं, “साखर बरोबर आहे ना?” मला वाटलं, लक्ष्मी घरात येणार म्हणून म्हातारी मवाळ झाली. कर्म माझं! मी सुखावले, आणखी अर्धा कप मागून घेतला. मुलगी जिन्यात बसली होती, कठड्याच्या गजांतून माझ्याकडे बघत. “काय गं, भूत पाहिलंस का?” म्हटलं. ती उठून वर निघून गेली.

संध्याकाळी देवी आल्या. दारापासून हळदी-कुंकवाची पावलं काढत, ‘लक्ष्मी कशाच्या पावलांनी आली? सोन्यारुप्याच्या पावलांनी आली,’ म्हणत आम्ही मुखवटे घरभर फिरवून आणले. गॅरेजमध्येसुद्धा नेले, कारण सासूबाई म्हणाल्या, गाडीही लक्ष्मीच. मी मोठ्यानं म्हणत होते. नवरा माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, खुर्च्या वाहून दमला.

रविवारी चाळीसेक माणसं जेवायला. न्यू जर्सीभरातून आली होती, दोन कुटुंबं तर थेट मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीहून गाडी चालवत आली. पोरं खाली बेसमेंटमध्ये दंगा करत होती, बायका स्वयंपाकघरात, पुरुष टेनिस आणि मॉर्गेज यांवर बोलत. मी नऊवारी नेसले होते, आयुष्यात दुसऱ्यांदा. जेवणं झाल्यावर कुणीतरी पेढ्यांचं ताट फिरवलं आणि मी बाबांचा किस्सा सांगायला घेतला. “आमचे बाबा म्हणजे ना,” मी म्हटलं, “अजून तसेच आहेत. आज इथे असते तर देवीला म्हणाले असते, आधी मला वाढू द्या, तुम्ही काही उपाशी राहणाऱ्यांतल्या नाही.” सगळे खो खो हसले. सासूबाई उठून आत गेल्या. नवरा पाण्याचा जग घेऊन उठला, भरलेलाच होता जग.

मुलीनं पुरणपोळीला हात लावला नव्हता. एरवी पोळीवर तूप घालून मागून मागून खाणारी. मी चारचौघांत तिच्यावर ओरडले, “नखरे पुरेत हं. महालक्ष्मीचा प्रसाद आहे.” तिनं खाल्ली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि खात होती. श्रूजबरीच्या काकू म्हणाल्या, “जाऊ दे गं, पोरंच ती.” मी म्हटलं, “नाही काकू, लाडावलीये फार.”

सोमवारी दुपारी विसर्जन. म्हणजे खरं तर अक्षता टाकून मुखवटे जरा हलवायचे, की देवी गेल्या. दहीभाताचा नैवेद्य झाला, आरती झाली. घरात आम्ही चौघंच. सासूबाई म्हणाल्या, “शेवटचा नमस्कार कर आणि काय मागायचं ते माग. जाताना ती नाही म्हणत नाही.”

मी वाकले. कपाळ त्या शालूच्या निऱ्यांना टेकवलं आणि मोठ्यानं म्हणाले, “आई, माझ्या बाबांना सांभाळ. त्यांना शंभर वर्षं आयुष्य दे. मी दरवर्षी तुझं असंच करीन.”

“आई, डोन्ट.”

मला वाटलं फुलोऱ्याला धक्का लागतोय, म्हणून मुलगी ओरडली. मी तशीच वाकलेली.

“आई, तिला ते नको मागू. ती नाही देऊ शकत.”

“का नाही देऊ शकत?” मी उठले. मुलगी पांढरीफटक पडली होती. तिनं आजीकडे पाहिलं, मग बापाकडे.

“कारण नाशिकचे आजोबा ऑलरेडी डेड आहेत,” ती म्हणाली. “शनिवारी मामाचा फोन आला होता.”

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. आधारासाठी हात पुढे गेला असावा, देवीच्या खांद्याकडे. कारण सासूबाईंचा आवाज मात्र लख्ख आठवतो. “हात लावू नकोस!” त्या किंचाळल्या. “शिवू नकोस, मागे हो!”

वडील गेल्याचं कळल्यावर मला ऐकू आलेले पहिले शब्द हे होते. आता कळलं होतं ना. आता लागलं होतं.

लगेच त्यांनी तोंडावर हात धरला. त्यांना स्वतःलाच ते ऐकून धस्स झालं असावं. नवरा पुढे आला. “अगं, ऐक. तू असतीस तरी पोचली नसतीस. फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं तिकडे. चाळीस माणसं बोलावलेली, देवी दारात. दोन दिवसांनी कळलं काय नि आज कळलं काय…”

“मग दोन वर्षांनी सांगायचंत!” मी ओरडले. “नाहीतर सांगायचंच नाही. मी आपली दरवर्षी त्यांचं आयुष्य मागत बसले असते. तुमची देवी खूश, तुम्ही खूश!” आणि मग संताप इतका वर आला की जे नको ते तोंडातून गेलं. सासूबाईंकडे वळून मी म्हटलं, “आणि ती कशावर उभी आहे, विचारा तुमच्या लेकाला. कचऱ्याचे डबे आहेत ते! धान्याचे नाहीत. तुम्हाला कळलं नाही म्हणून चाललं ना? तसंच. अगदी तसंच.”

सासूबाई देवीकडे बघत राहिल्या. मुलगी त्या गोंधळात बारीक आवाजात विचारत होती, आणि कुणी उत्तर देत नव्हतं म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होती. “आजी, देवीला माहीत होतं? आजोबांचं?”

“तिला सगळं माहीत असतं,” सासूबाई म्हणाल्या. सवयीनंच म्हणाल्या.

“मग आपण कुणापासून लपवत होतो?”

अक्षता नवऱ्यानं टाकल्या. मी तिथे नव्हते. मी वर जाऊन नाशिकचा नंबर लावत होते, लागत नव्हता, पुन्हा लावत होते. फोन माहेरी नव्हता, शेजारच्या वहिनींकडे होता. शेवटी लागला तेव्हा तिकडे उजाडलं होतं. त्यांनी आईला बोलावलं. आई म्हणाली, “आलास का रे बाबा एकदाचा?” मला नाही, फोनलाच म्हणाली. भावानं तिला सांगितलं होतं की ताईला कळवलंय. सासूबाईंनी त्याला ‘सांगते हो’ म्हटलं होतं ना. तेव्हापासून आई वहिनींच्या दिवाणखान्यात फोनजवळच्या खुर्चीत जाऊन बसायची. लोक भेटायला यायचे ते तिथे यायचे. ती कुणाला म्हणायची नाही की लेकीचा फोन का येत नाही. आणि मी? मी पुरण वाटत होते, नऊवारीत मिरवत होते, लोकांना हसवत होते.

“आई, मला सांगितलंच नाही गं यांनी,” मी रडत म्हटलं. “महालक्ष्म्या होत्या म्हणून.”

मग ती म्हणाली, “हो का? पूजा नीट झाली ना?”

दुसरं कुणी असं विचारलं असतं तर फोन आपटला असता. पण तिनं खरंच विचारलं होतं. नवरा गेल्यावर दोन दिवस फोनजवळ बसलेली बाई, आणि तिला लेकीच्या घरची पूजा मोडायला नको होती. बाबा असते तर तिच्यावर चिडले असते, असं वाटलं, आणि आता ते कुणावरच चिडणार नाहीत हे तेव्हा पहिल्यांदा आत उतरलं.

लग्न झालेल्या लेकीला माहेरचं सुतक तीन दिवस. मी ते धरायचं ठरवलं, हट्टानं. शिवायचं नाही ना, मग नाहीच शिवणार. बेसमेंटमध्ये सतरंजी टाकून बसले. पोरांनी आदल्या दिवशी सांडलेले मुरमुरे अजून तिथे होते. संध्याकाळी सासूबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसल्या. माझ्यात नि त्यांच्यात चार हातांचं अंतर. हातात चहा. तो त्यांनी पायरीवर ठेवून माझ्याकडे सरकवला.

“तुला सांगते,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूच्या काळात एका वर्षी ऐन महालक्ष्म्यांत सुतक आलं. आणलेल्या देवी तशाच डब्यात गेल्या, उपाशी. त्या वर्षी माझा धाकटा गेला. रांगत होता.”

नवऱ्याला एक भाऊ होता हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं या घरात, आणि तेव्हा. माझा राग विरायला हवा होता. विरला नाही.

“म्हणून तुम्ही माझ्या लेकीसाठी केलंत हे,” मी म्हटलं.

“तुमच्या सगळ्यांसाठी केलं.”

“जी बाई नैवेद्य चुकला म्हणून रांगतं पोर उचलते, तिला घरात घ्यायचीच कशाला?”

“असं बोलू नये.”

“का? खोटं आहे का?”

“ती करते ते बरोबरच असतं,” सासूबाई म्हणाल्या.

“पोर नेलं ते बरोबर होतं?”

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला दिसत होतं की मी कुठे बोट घालतेय. तरी जीभ थांबेना. “तुम्हीच म्हणता ती चांगली आहे. ती करेल ते चांगलं म्हणायचं असेल, तर मग ती चांगली आहे म्हणण्यात काय राहिलं? मग तर काहीही केलं तरी चांगलंच! आणि काही गोष्टी तिनं करूच नयेत असं वाटत असेल, तर ते वाटणं तिच्याकडून आलेलं नाही. ते आपलं आहे.”

“मला नाही हे कळत,” त्या म्हणाल्या. “मी चौथी शिकलेली बाई. माझं पोर गेलं, मला कुणी सांगितलं की देवी कोपली. कोपली म्हटल्यावर निदान कारण तरी कळलं.” मग अगदी वेगळ्या आवाजात, “खरंच कचऱ्याचे होते का गं ते डबे?”

“कोरे होते,” मी म्हटलं.

“मग असू दे,” म्हणून त्या कठडा धरून उठल्या आणि वर गेल्या. चहा गार झाला होता, पण मी प्यायले.

ते मुखवटे आता माझ्याकडे आहेत. सासूबाई गेल्यावर नवरा अकोल्याहून घेऊन आला. मी दरवर्षी बसवते, अजूनही. का बसवते, असं मला विचारू नका. शालू नेसवते, सोळा भाज्या करते, आता अंबाडीसुद्धा मिळते. मागत मात्र काहीच नाही. नमस्काराला वाकले की डोकं रिकामं ठेवून उठते. त्या दोघी समोर उभ्या असतात, सुंदर दिसतात, आणि मला त्यांची थोडी भीतीच वाटते. बाबांना माझ्यातलं हे कळलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं, हा विचार मी टाळते.

पण सांगायचं राहिलं ते मंगळवारचं. सुट्टी संपली, नवरा कामावर गेला. मुलगी म्हणाली पोट दुखतंय, शाळेत जात नाही. मी म्हटलं, राहा. मग दिवसभर ती माझ्या मागे मागे. मी शिवत नव्हते म्हणून ती दोन हात लांब बसून राहायची. मी डोळे मिटले की उठून जवळ यायची आणि माझ्या नाकाखाली बोट धरायची. एकदा मी डोळे उघडले तर दचकून मागे सरली. आजोबांचं मनाला लागलंय पोरीच्या, असं मला वाटलं.

दुपारी मी आंघोळीला गेले. दार लावताना ती म्हणाली, “कडी नको लावू.” आत असताना तिनं दहादा विचारलं असेल, “आई, आहेस ना?” शेवटी मी टॉवेल गुंडाळून चिडून बाहेर आले. ती दाराला पाठ लावून फरशीवर बसली होती. सुतकबितक गेलं खड्ड्यात, मी खाली बसून तिचे खांदे धरले. “काय चाललंय तुझं? सांग बघू.”

आधी सांगेना. मग एकदम सांगितलं. शनिवारी फोन ठेवल्यावर आजीनं तिला देवीच्या खोलीत नेलं होतं. तिचा हात मुखवट्यावर ठेवला होता. “आजीनं आईची शपथ घातली. मोडली तर आई मरते. आणि मी मोडली.”

“मग मला का सांगितलंस?” मी विचारलं.

“यू वेअर आस्किंग हर,” ती म्हणाली. तिला ते इतकं उघड वाटत होतं की मलाच कसं कळत नाही, असा तिचा चेहरा झाला. “तू तिला मागत होतीस आणि तिला माहीत होतं, आणि ती काहीच बोलत नव्हती. मला बघवेना.”

“आणि मी मेले असते तर?”

“मी विचार केला,” ती म्हणाली. “मला वाटलं, ती असं नाही करणार. तू तर काहीच केलं नव्हतंस. ते फेअर नाही.”

“मग आता माझ्यावर पहारा कशाला ठेवलायस?”

तिनं नाक पुसलं. “ती फेअर नसली तर.”

वर बघितलं तर बोळात सासूबाई उभ्या. हातात धुतलेल्या शालूंची घडी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. सगळं ऐकलं असावं, कारण त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. मी काहीतरी जहरी बोलणार होते, शब्द ओठांवर होते माझ्या. त्यांनी ती घडी तिथेच जमिनीवर ठेवली, सोवळ्यातले शालू, बाथरूमच्या दारात, आणि आमच्यापाशी खाली बसल्या. माझ्या ओल्या खांद्याला खांदा लागला तरी मागे झाल्या नाहीत. पोरीचे दोन्ही हात हातांत घेतले आणि लहान मुलं खेळताना म्हणतात तसं म्हणाल्या, “सुटली. शपथ सुटली. सुटली.”

मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. “तुला सोडवता येते? देवीला विचारायला नको?”

“नको,” सासूबाई म्हणाल्या. “तिनं कुठे घातली होती? मीच घातली होती.”